कोपर वर, कोपर खाली

नवरा-बायको दोघंही पियानो वाजवणारे आणि घरात पियानो एकच, अशी वेळ आली तर बेंचाच्या उंचीचा विषय काढायचा नसतो, हे त्या दोघांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. ती खाली बसायची. कोपर पट्ट्यांच्या जरा खाली राहिलं की आवाज गोल निघतो, असं तिच्या बाईंनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. तो वर बसायचा, कारण खाली बसून वाजवणं म्हणजे भांडी घासणं, असं त्याच्या सरांचं मत होतं. पुष्कळ भांडून झाल्यावर तह झाला. ज्याने त्याने बेंचाची मूठ फिरवून आपली उंची लावून घ्यायची आणि त्यावर ब्र काढायचा नाही.

तह इतका इमानाने पाळला गेला की घरातल्या तिसऱ्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. हा तिसरा माणूस म्हणजे सासरे. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात काही ढिलं दिसलं की चैन पडत नसे. दारांच्या कड्या आणि कपाटांच्या बिजागऱ्या आवळून झाल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी एका संगीत शाळेच्या मुख्याध्यापिका सुनेचं वादन ऐकायला घरी यायच्या होत्या. पसंत पडलं तर शिक्षिकेची नोकरी. सुनेला ती मनापासून हवी होती. शेजारपाजारच्या मुलांना बैठकीच्या खोलीत शिकवून ती विटली होती, आणि अशी जागा पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता. जेवण उरकून ती सरावाला बसली, मूठ फिरवायला गेली, तर मूठ हलेना.

"अरे, हे फिरत का नाहीये?" तिने नवऱ्याला हाक मारली.

उत्तर सासऱ्यांनी दिलं. "फिरणार कसं? पक्कं केलंय. रोज बघतोय, बेंच कधी वर तर कधी खाली. आपोआप. म्हटलं, आतला स्क्रू गेलाय कामातून. सरस ओतला आणि वरून चार खिळे ठोकले. आता हत्ती बसला तरी जागचा हलायचा नाही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं. सकाळी शेवटचा तोच वाजवून उठला होता, त्यामुळे बेंच त्याच्या उंचीला पक्का झाला होता. त्याला वाईट वाटत होतं, पण तिच्या मते पुरेसं वाटत नव्हतं.

"बाबा, खिळे काढता येतील ना?"

"खिळे काढीन गं. सरसाचं काय करू?"

बेंचाऐवजी जेवणाची खुर्ची घेऊन पाहिली, तर तिला हात होते. त्यांना कोपरं आपटत होती. सासरे करवत घेऊन आले आणि बेंचाचे पाय कापायची तयारी दाखवू लागले. "त्याच्यावर मीही बसतो," असं नवरा म्हणाला, आणि ते वाक्य त्याला बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं. मग बेंच खाली जात नसेल तर पियानो वर घ्यावा, अशी युक्ती त्यानेच भरपाई म्हणून काढली. बाप-लेकाने एकेक बाजू उचलली आणि सुनेने खाली फळ्या सरकवल्या. पट्ट्या तिला हव्या तिथे आल्या. पण पायातली पेडलंही वर गेली आणि तिच्या टाचा लोंबकळू लागल्या. टाचांखाली पाट आला. तिने पहिला जोरकस तुकडा वाजवला, तसा पियानो डुलला.

"हाही ढिला झालाय," सासरे म्हणाले आणि खिळे आणायला निघाले.

"बाबा, तुम्ही बसा," दोघं एकदमच म्हणाली. फळ्या कशाबशा काढून होतात तोच बेल वाजली.

मुख्याध्यापिका आत आल्या. पाणीही नको म्हणाल्या आणि सुनेच्या कोपरांवर नजर रोखून बसल्या. सून त्या परक्या उंचीवर चढली. आपण माडीवर बसून खालचा पियानो वाजवतोय असं वाटत तिने सुरुवात केली, आणि हात वरून पडतील तसे पडू दिले. दुसरा इलाजच नव्हता. तुकडा संपला.

"आमच्या शाळेत असंच बसतात," मुख्याध्यापिका पहिल्यांदाच हसल्या. "काय सांगू, आतापर्यंत ऐकले ते सगळे खाली बसणारे. खाली बसणाऱ्याला मी घेत नाही."

"खाली?" सून म्हणाली. "खाली बसून कुणी वाजवतं का?"

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने आधाराला चौकट धरली.

नोकरी लागली. नवऱ्याला वाटलं, इतक्या वर्षांनी आपलं खरं ठरलं. रात्री जेवताना तो त्याबद्दल काहीतरी मोठ्या मनाने बोलणार होता, तेवढ्यात ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, तो बेंच अजून दोन बोटं वर घेता येईल का? शाळेतले त्याहून उंच असतात म्हणे."

"त्यात काय, वर एक जाड फळी ठोकतो," सासरे खूश होऊन म्हणाले.

"आणि मी कसा वाजवू?" नवरा म्हणाला.

"तू ना, फार खाली बसतोस," ती म्हणाली. "आवाज दबतो तुझा."