मार्गदर्शनाखालील गुडघा

महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या अमरसिंगचा उजवा गुडघा गाडीत कापूस तुडवताना मुरगळला, तेव्हा शासनाच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. कापसाच्या संकटाने अख्खा जिल्हा गाजत होता. एकट्या गुडघ्याची दखल घ्यायला कोणाला सवड नव्हती. पण जिल्ह्याला दिलासा म्हणून जे जे आले, त्यात तालुक्याला एक व्यायामोपचार केंद्रही आले. केंद्राला रुग्ण हवा होता. अमरसिंगला होळी हवी होती. होळीच्या नाचात पहिले पाऊल त्याचे असे, आणि तो टाकेल तसेच मागच्या सगळ्यांनी टाकायचे, हा तांड्याचा रिवाज.

केंद्रातल्या केतकी मॅडमनी गुडघा चाचपला. "लिगामेंट ताणलंय, तुटलेलं नाही. टाच सरकवायची, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबायचा, मग भिंतीला टेकून अर्धी बैठक."

"होळीले नाचता येईन का, मॅडम?"

"न चुकता केलंत तर पळालसुद्धा."

अमरसिंगने न चुकता केले. थंडी सरता सरता तो ताठ चालू लागला आणि केंद्रप्रमुख नंदकिशोर साहेबांची झोप उडाली.

"मॅडम, जिल्ह्याची दुरवस्था पाहायला पथक येतंय. त्यांना हा असा दाखवायचा?"

"पण तो बरा होतोय, सर."

"ते आपलं अंतर्गत यश आहे."

साहेबांनी अमरसिंगला समजावले: पथक नाराज झाले तर केंद्र जाईल, केंद्र गेले तर राहिलेला व्यायाम जाईल, व्यायाम गेला तर होळी जाईल. तेव्हा होळीसाठी लंगडणे भाग होते.

पहिल्या वेळी तो गडबडीत डाव्या पायाने लंगडला. दुखणे पसरत असल्याचा निष्कर्ष काढून पथक परतले, आणि त्या पसरण्याचा अभ्यास करायला दुसरे पथक आले. पुन्हा घोटाळा नको म्हणून केतकी मॅडमना लंगडण्याचेही मार्गदर्शन करावे लागले. कंबर झुकवा, पाय ओढा, हसू नका. अमरसिंग सकाळी बरे होण्याचा व्यायाम करी, दुपारी लंगडण्याचा. दुपारच्या व्यायामात त्याची प्रगती अधिक होती.

घरीही तो पाय ओढू लागला, तेव्हा बायको सुखीबाई कडाडली, "काहून लंगडून राह्यले जी? चुलीपाशी कोनतं पथक बसलं हाये?"

"सवय ठेवा लागते. ऐन वेळी पाय चुकला तं?"

"अन् होळीले चुकला तं?"

"होळीले कायले चुकते? तो तं आपला नाच हाये."

होळीला डफ घुमला. अमरसिंगने लेंगीचे, म्हणजे होळीचे, गाणे उचलले, पहिले पाऊल टाकले आणि कंबर आपोआप झुकली. त्याने पाय सरळ टाकून पाहिला; पाय ऐकेना. तो फार चांगला शिकला होता. रिवाज तो रिवाज. म्हाताऱ्या रुखमाबाईसकट सगळा तांडा त्याच्यामागे तालात लंगडू लागला.

"थांबा जी!" सुखीबाई ओरडली. डफापुढे तिचे कोणाला ऐकू गेले नाही.

कडेला खुर्च्यांवर नवे पथक बसले होते. पथकप्रमुखांनी रुमाल डोळ्यांना लावला. "सणाच्या दिवशीसुद्धा!" जिल्ह्याला आणखी केंद्रे मंजूर झाली. नंदकिशोर साहेबांना बढती मिळाली. अमरसिंगला केंद्राने कायमचा रुग्ण म्हणून ठेवून घेतले.

पहिल्या पानावर छायाचित्र आले: व्यथेतही नाचणारा तांडा. ते तुम्ही-आम्ही पाहिले, चहाचा घोट घेत हळहळलो आणि पान उलटले. या व्यायामाला मार्गदर्शन लागले नाही. तो आपण रोज करतो, न चुकता.