पेट्रोलच्या काट्यावरील स्वारी

गवती मैदानावरील समस्त वैमानिक मंडळी, बिअरचे पेले पुढ्यात घेऊन, वारा पडावयाची वाट पाहात बसली असता त्यांणी फर्माविले जे, राजमान्य राजश्री लुबोर काद्लेत्स यांणी आपुल्याच विमानातील तारांवर जी स्वारी केली, तीत कोण झुंजले, कोण नाहक कापले गेले आणि फत्ते कैसी जाहली, हा मजकूर यथास्थित लिहावा, कोणाची भीड धरू नये. हुकूम शिरसावंद्य, सबब लिहिले असे.

लुबोर हे मोराव्हा नदीकाठचे मातबर असामी. कपाटे-मेजांस पॉलिश करावयाचा कारखाना बाळगून होते आणि रंगाचे कामी त्यांचा लौकिक थोर. जे जे उघडे दिसेल ते ते रंगवावे हा त्यांचा बाणा; शेजाऱ्याचे कुंपण न पुसता रंगविले, बायकोचे शिवणयंत्र रंगविले, आणि मग रंगवावयास मुलखात काही उरले नाही, तेव्हा विमान बांधावे ऐसी मसलत केली. मसलतीत सामील त्यांचे मेव्हणे रोस्तिस्लाव, हुद्दा दातांचे डॉक्टर, नुकतेच दवाखाना बंद करून घरी बसलेले. करार ठरला जे, सांगाडा, पत्रा आणि रंग लुबोर यांणी पाहावा, तारा आणि बॅटरी रोस्तिस्लाव यांणी. लुबोर यांची बायको द्राहोमिरा, जी रोस्तिस्लाव यांची धाकटी बहीण, तिणे कोठारातील कोंबड्या हलवून जागा दिली आणि वर्षानुवर्षे दोघांस डुकराचे मांस आणि उकडीचे गोळे रांधून पोसले. ऐसे करिता दो आसनांचे विमान उभे राहिले. रंग ऐसा की त्यात पाहून दाढी करावी.

मग मैदानावर आणून बॅटरी जोडिली, तो अघटित वर्तले. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर उभा होता. लुबोर यांणी रेडिओवर बोलावयाचे बटण दाबिताच तो उडी मारून पूर्ण भरल्याच्या खुणेवर जाऊन बसला. बटण सोडिले, काटा खाली आला. पंखाचा दिवा लाविला, तो थंडगार इंजिन उकळते आहे ऐसी वर्दी दुसऱ्या काट्याने दिली. केवळ बोलून टाकी भरावी हा चमत्कार अरबस्तानच्या तेलवाल्या सुलतानांसही साधला नसेल. परंतु ऐसे विमान हवेत नेणारा इसम टाकी भरलेली पाहात पाहात बटाट्याच्या शेतात उतरतो. त्यातच विमानांच्या तपासनीस बाई, नामे श्टेपांका माल्कोवा, महिनाअखेरच्या शनिवारी येणार. त्यांचा शिक्का न मिळता मोसम बुडाला. आणि द्राहोमिराने जाहीर केले जे, काटा खरे बोलेतो आपण त्या यंत्रात पाऊल ठेवणार नाही.

खोट तारांत, तारा रोस्तिस्लाव यांच्या, सबब गनीम तोच, ऐसा निवाडा लुबोर यांणी चौकशीविना दिला. तो निवाडाही चारचौघांत, द्राहोमिराच्या वाढदिवसाचे पंगतीत, केक कापिते समयी दिला.

"तुझ्या तारा म्हणजे तुझ्या पेशंटांचे दात. वरून पांढरे, आतून किडलेले."

रोस्तिस्लाव यांणी केकची बशी खाली ठेविली, टोपी घेतली आणि वीज मोजावयाच्या मल्टीमीटरासुद्धा आपल्या गावी निघून गेले. मग त्यांणी फोन घेणे सोडिले.

लुबोर यांस वाटले, बरे जाहले, फितूर गेला, आता किल्ला आपण एकलेच घेऊ. प्रथम काट्याचा मीटर काढून नवा बसविला. नव्यानेही तैसीच उडी मारिली. मग टाकीतील तरंगता गोळा बदलिला, आणि मग बॅटरी नवी आणिली, आणि मग रेडिओची अँटेना बदलिली, आणि मग कोणी सुचविल्यावरून फ्यूज झाडून सारे बदलिले. निरपराध ऐसे कापले गेले की मैदानाचे कोपऱ्यात सुट्या भागांचा ढीग पडला, आणि गनिमाचे केसास धक्का नाही. स्वारीचा जोर पाहता बाहेरचे कोणास वाटावे, लढाई जिंकितात. लुबोर काट्यांचे फळीखाली उताणे पडून पांढऱ्या तारांचे जंजाळ पाहात. कोणती कोठून आली हे कळेना, आणि ज्यास कळत होते तो फोन घेईना. पाठ धरली, जेवण सुटले. आपण चुकलो की काय, ऐसा विचार मनात येऊ लागला, तो त्यांणी वेळोवेळी हाकून लाविला.

अखेर द्राहोमिराने ओट्याशी उभे राहून सांगितले, "मी दादाकडे चाललेय. तू अंगणातलं काहीतरी रंगवत बस."

ती जरदाळूचे केक घेऊन वकिलीस गेली आणि परत आली ती भावास घेऊन. तहाची कलमे ऐसी जे, लुबोर यांणी विमानात बसून सांगितले तेवढे करावे, सोडावयाचे सांगितल्याविना बटण सोडू नये आणि तोंड बंद ठेवावे. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. रोस्तिस्लाव बहुत वाळले होते. हातात मल्टीमीटर आणि दात तपासावयाचा लहान आरसा. ते विमानाचे नाकाशी ओणवे होऊन आत शिरले.

हुकूम जाहला, बटण दाब. लुबोर यांणी दाबिले. मीटराची एक सुई बॅटरीचे ऋण टोकास, दुसरी काट्याचे अर्थिंगास. शून्याजवळ यावे ते व्होल्टाहून अधिक आले. पुन्हा दाब. आता सुई इंजिनामागील पत्र्यावर, जेथे समस्त अर्थिंगच्या तारा एका पितळी बोल्टावर जमा होत, त्या बोल्टावर टेकविली, तेथेही व्होल्ट. मग सुई बोटभर बाजूस, पत्र्याचे उघड्या कडेवर, तेथे शून्य. गनीम सापडला. बोल्ट आणि पत्रा यांजमध्ये कोणी तिसरा बसला होता. रेडिओ बोलू लागे तेव्हा त्याची वीज परतावयास वाट न मिळून काट्यांचे घरात शिरे, आणि काटे भलतेच बोलत.

"आरशात दिसतंय," रोस्तिस्लाव आतून म्हणाले. "बोल्टाखाली रंग आहे. सोडू नकोस, अजून एकदा बघतो."

मग ते पडल्या सुरात बोलिले, "म्हणजे मीच घासायचा विसरलो. मला तर आठवतंय, कागदाने घासून पत्रा चकचकीत केला होता. स्वच्छ आठवतंय. आईचंही असंच सुरू झालं होतं, लुबोर. घडलंच नाही ते तिला स्वच्छ आठवायचं. त्या पंगतीपासून मी दवाखान्यातली वर्षं आठवून बघतोय. आणखी काय काय विसरलो असेन."

बोल्टाखालचा तो चकचकीत रुपयाएवढा पत्रा लुबोर यांणीही पाहिला होता. राखाडी रंगविलेल्या पत्र्यावर तो कोडासारखा दिसे. एके दिवशी मेव्हणे घरी गेल्यावर त्यांणी बोल्ट काढिला, रंगाचे दोन हात दिधले, वाळविले, आणि बोल्ट पुन्हा आवळिला. ते आता आठवले. हे दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते. गप्प राहिल्यास किल्ला सर आणि अब्रूही शाबूत. रोस्तिस्लाव आपसूक गुन्हेगार ठरत होते. ऐसी सोयीची फत्ते इतिहासात थोडक्यांस लाभते. लुबोर यांणी तिचा विचार केला नाही ऐसे लिहिले तर लबाडी होईल. चांगला केला.

"तू घासला होतास, रोस्त्या," मग ते म्हणाले. "तुझं डोकं ठीक आहे. मी नंतर बोल्ट काढून रंग मारला. तो चट्टा मला बघवेना. आणि पंगतीत तुला जे बोललो, ते मलाच लागू होतं."

इतुक्यात रोस्तिस्लाव यांणी बटण सोडावयाची परवानगी दिली, आणि लुबोर यांणी अंगठा उचलिताच रेडिओतून कोणी वैमानिक बोलू लागला.

"काद्लेत्स, मी वर ग्लायडरमध्ये आहे. तुमची कबुली पोचली. मघापासून दुसऱ्या कुणाला तोंड उघडता आलेलं नाही. मागे एक गृहस्थ उतरायची परवानगी मागतायत."

बटण दाबलेले असल्याने सारे बोलणे रेडिओवर गेले होते; ऐसे समस्त खोऱ्यातील वैमानिकांचे हजेरीत लुबोर यांणी हत्यार ठेविले. तेव्हा विमानाचे नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. द्राहोमिरास वाटले, भाऊ रडतो. जवळ जाऊन पाहते, तो ते हसता हसता आत अडकले होते आणि डोळे पुसावयास हात बाहेर निघेना. तिणे पाय धरून ओढून काढिले. बाहेर येताच त्यांणी मेव्हण्यास ऐशा शिव्या दिधल्या की या पत्रात त्या लिहिणे मुनासिब नाही, आणि मग पॉलिश-कागद मागितला. लुबोर यांणी आपल्या हाताने आपला रंग खरवडिला. जन्मात प्रथमच. त्यांचा चेहरा पाहवेना ऐसा जाहला होता. मग दातेरी वायसर घालून बोल्ट आवळिला.

शनिवारी श्टेपांका बाईंची स्वारी आली. बाईंनी रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. आत बसल्या, दिवे लाविले, बटण दाबिले. इंजिनाचा काटा थंड राहिला आणि पेट्रोलचा काटा तळाशी निपचित पडून होता. बाईंनी बटण सोडिले, पुन्हा दाबिले, काचेवर नखाने टिचकी मारिली.

"हा हलत का नाही?"

रोस्तिस्लाव म्हणाले, "टाकी रिकामी आहे, बाई. इंजिन तपासताना सगळं संपलं."

बाईंनी टाकीत काडी घालून पाहिली. काडी कोरडी निघाली. मग त्यांणी शिक्का मारिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जो काटा इतके दिवस भरले आहे म्हणत होता तो रिकामे आहे म्हणू लागला, आणि हे पाहून दोघे मेव्हणे एकमेकांचे गळा पडले. द्राहोमिरा कॅन घेऊन पेट्रोल आणावयास गेली. आल्यावर तिणे मागे न पाहता पुढचे आसनावर बूड टेकिले. कळावे.