मोमिजी कप कंपनीने वाढवला

"गोल्फचा इतिहास? त्यात काय, एका संध्याकाळचं काम," असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

जून २०२०. नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेन गावी एका जपानी पंप कंपनीत मी इंजिनीअर, घर जवळच बुइटनव्हेल्डर्टला. ऑफिसला कुलूप, त्यामुळे सगळा कारभार जेवणाच्या टेबलावर. माझं काँट्रॅक्ट जुलैअखेर संपत होतं. साहेबांची सही झाली तर इथे राहायचं परमिट, नाही तर बाडबिस्तरा गुंडाळा.

साहेब म्हणजे कुरोइवा-सान. त्यांचा जीव होता मोमिजी कपमध्ये. आमची कंपनी जपानमध्ये १९७४ पासून ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवायची. कोरोना आला आणि एप्रिलमध्ये ती कायमची बंद झाली. समितीचे जुने चिटणीस म्हणून ती बंद करण्याच्या कागदावर सही साहेबांनाच करावी लागली. आता जुन्या खेळाडूंना निरोपादाखल स्पर्धेचा एक पानी इतिहास पाठवायचा होता आणि तो लिहायला मी हात वर केला होता.

गोल्फशी माझा संबंध एकदाच आला होता. सायकलवरून चुकून एका गोल्फच्या मैदानात शिरलो होतो आणि एका डच बाईंनी मला हाकललं होतं.

पण घरात नाना होते ना. नाना म्हणजे माझे सासरे वासुदेवराव, सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि विमानंच बंद पडली. तेव्हापासून बिचारे आमच्या वाणसामानाच्या यादीतल्या वेलांट्या सुधारत होते. साहेबांनी पाठवलेली इंग्रजी माहितीपत्रकं मी छापून त्यांच्या पुढ्यात ठेवली. चार दिवसांत त्यांनी सुवाच्य मराठीत पान लिहून दिलं. कुठल्या वर्षी वादळाने मैदान धुऊन नेलं, कुठला विजेता कपासकट तळ्यात पडला, सगळं तारीखवार.

इंग्रजी करायला बसवलं संहिताला, माझ्या बारा वर्षांच्या लेकीला. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये. मी ते पान वाचलं का? छे. चांगली माणसं कामाला लावल्यावर आपण मध्ये लुडबुडू नये, असं माझं मत. दिलं पाठवून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचा व्हिडिओ कॉल. आवाज कापत होता.

"प्रताप-सान, ती शेवटची ओळ. नक्की ना?"

"शंभर टक्के."

"ओसाकाच्या हेड ऑफिसला विचारलंत?"

माझ्या डोळ्यांपुढे काँट्रॅक्ट नाचत होतं. "दोनदा विचारलं," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. भाषा काळजाला भिडली असणार, असं मला वाटलं.

त्यांनी लगोलग बेचाळीस खेळाडूंना ईमेल धाडले. एक्क्याऐंशी वर्षांच्या पहिल्या विजेत्याने त्याच दिवशी नवे बूट घेतले. एकाने थेट कंपनीच्या अध्यक्षांना आभाराचा फोन केला. अध्यक्षांना फोनवरच जोराचा ठसका लागला आणि दिवस कोरोनाचे, त्यामुळे त्यांची सेक्रेटरी खोली सोडून पळाली.

पुढच्या सकाळी ओसाकाहून सगळ्यांना एकच मेल आला. स्पर्धेची मुदत वाढवली, असं कोण म्हणालं?

तेव्हा मी ते पान पहिल्यांदा वाचलं. शेवटची ओळ इंग्रजीत सांगत होती, की एप्रिल २०२० मध्ये कंपनीने स्पर्धेला मुदतवाढ दिली.

"संहिता! हे काय लिहिलंस?"

"बट डॅड, आजोबांनी लिहिलंय 'वाढवली'. वाढवली मीन्स एक्स्टेंडेड."

मी नानांचा कागद ओढला. खरंच, 'एप्रिल २०२० मध्ये कंपनीने ही स्पर्धा वाढवली.'

"नाना, स्पर्धा बंद झालीय हो."

"मग तेच लिहिलंय," नाना शांतपणे म्हणाले. "सेहेचाळीस वर्षं चाललेल्या कार्याला 'बंद केलं' म्हणतात का, प्रतापराव? अभद्र दिसतं. दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, तशी स्पर्धाही वाढवली. मुलीला एवढं मराठी शिकवायला नको?"

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. चूक नानांची नव्हती, पोरीची तर नव्हतीच. दोनदा विचारलं, ही थाप माझी होती.

दुपारी साहेबांचा पुन्हा कॉल आला. अंगात कोट, गळ्यात टाय, समोर एक कागद.

"साहेब, मी ओसाकाला एकदाही विचारलं नव्हतं," मी एका दमात सांगून टाकलं. मान वर करवत नव्हती.

"समजलं ते," साहेब म्हणाले. "पण मी अडतीस वर्षं या कंपनीत आहे. एक फोन मलाही करता आला असता. नाही केला. मला तेच ऐकायचं होतं, प्रताप-सान. एप्रिलपासून काल पहिल्यांदा शांत झोप लागली."

मग त्यांनी तो कागद मला वाचता येईल असा क्षणभर कॅमेऱ्यापुढे धरला, खाली ठेवून सावकाश सही केली, पेनाला टोपण लावलं, मला वाकून नमस्कार केला आणि कॅमेरा बंद केला.

मृणालिनी, माझी बायको, दारात जीव मुठीत धरून उभी होती. "सही केलेली दिसली मला. झाली ना रे?"

"झाली."

तिने देवाला हात जोडले. "बाई गं, सुटलो एकदाचे. शिरा करते."

"नको करूस," मी म्हणालो. "त्यांच्या राजीनाम्यावर झाली."