लाजेचा घास

रविवारी दुपारी चार वाजता शोभनाताईंचं मिशिगनमधल्या नोव्हायचं घर विकलं जायचं होतं. करार टाइप होऊन आला होता, फक्त सह्या बाकी होत्या. सह्या करून सगळे चहा पिऊन गेले असते तर सांगण्यासारखं काहीच घडलं नसतं. पण सूनबाईंना त्या निमित्ताने पार्टी करायची होती.

शोभनाताईंना या घरातून सुटायचं होतं, अगदी मनापासून. प्रल्हादराव जाऊन दोन वर्षं झाली होती. चार बेडरूम, दोन जिने, डिसेंबर ते मार्च ड्राइव्हवेवर ढोपरभर बर्फ आणि राहायला माणूस एक. तिकडे लांब, दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला त्यांची मैत्रीण मंजुषा राहत होती. तिच्याच बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट रिकामा होत होता. लिफ्ट होती, खाली पत्ते खेळायला बायका होत्या, मुलगा-सून तिथून वीस मिनिटांवर हर्नडनला होते. पण मुलाला, म्हणजे मिहीरला, हे पटवता पटवता शोभनाताईंच्या नाकी नऊ आले. "आई, बाबांनी किती हौसेनं घेतलं होतं हे घर, यार," असं तो दर आठवड्याला फोनवर म्हणायचा. हौस त्यांची आणि बर्फ माझा, असं शोभनाताई मनात म्हणायच्या. घर आता मायलेकांच्या नावावर होतं, त्यामुळे मिहीरची सही अडली की सगळंच अडलं.

घर घेणारे जय आणि रेणू हे नागपूरचं तरुण जोडपं होतं. त्यांना घर फार आवडलं होतं. मिहीर सहीसाठी बायकोला घेऊन आला, आणि त्या बायकोने, आरोहीने, नुकतीच स्पेनची ट्रिप केली होती.

"आई, आपण टापास करू या," ती म्हणाली. "म्हणजे छोट्या छोट्या प्लेट्स. एका वेळी एकच आयटम येतो, सगळ्यांनी शेअर करायचा. मग गप्पा. मग दुसरी प्लेट."

"आणि जेवण कधी?"

"हेच जेवण, आई."

शोभनाताईंनी थोडा विचार केला. ताटाची डावी बाजू तेवढी बाहेर आणायची आणि उजवी बाजू स्वयंपाकघरातच विसरायची, असा हा प्रकार दिसत होता. पण सही होणार असेल तर त्या नुसत्या चटणीवर बसायलाही तयार होत्या.

वरचं फर्निचर आदल्या दिवशीच दान म्हणून ट्रकमधून गेलं होतं. राहिलं होतं बेसमेंटमधलं खुर्च्यांसकट एक लांबलचक टेबल, कारण ते जिन्यातून वर येईना. म्हणून पार्टी खाली. बेसमेंटला एकच खिडकी, तीही छताला चिकटलेली, त्यातून बाहेरच्या गवताची मुळं दिसायची. कोपऱ्यात जमिनीखालचं पाणी उपसणारा पंप होता. तो मधूनच गर्रर्र करून मोठा सुस्कारा टाकायचा. आणि दिवे प्रल्हादरावांनी स्वतः बसवलेले. गाड्यांच्या सेन्सरवर आयुष्य काढलेला माणूस तो, घरात साधं बटण कसं चालेल? मिनिटभर कुणी उठबस केली नाही की दिवे आपोआप बंद. बसल्या जागची बारीकसारीक हालचाल त्या सेन्सरला कळायची नाही, डोक्यावर हात नेऊन ओवाळल्यासारखे हलवायला लागायचे.

पाहुण्यांत उरले रवींद्रकाका आणि दीपाकाकू. रवींद्रकाका प्रल्हादरावांचे तीस वर्षांपासूनचे मित्र. दीपाकाकूंनी जिना उतरता उतरताच विचारलं, "काय गं शोभना, आज तारीख बघितलीस का? सर्वपित्री अमावास्या आहे."

"अगंबाई!" शोभनाताईंनी कपाळावर हात मारला.

"माझ्या फोनवर नुसतं 'संडे' दाखवत होतं," आरोही पुटपुटली.

घराचा व्यवहार आणि तोही सर्वपित्रीला! पण पाहुणे खुर्च्यांवर बसले होते आणि ओव्हनमध्ये मश्रूम होते. "मला मात्र अंडं देऊ नकोस हं," शोभनाताईंनी सगळ्यांसमोर बजावून सांगितलं. "आज नको." तेवढं केलं की पितरांचा मान राखल्यासारखं झालं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पहिली प्लेट आली ती बटाटा-चीजच्या तळलेल्या गोळ्यांची. आरोही सगळं आठच्या हिशोबाने करत होती आणि माणसं होती सात. सातांनी एकेक उचलला आणि आठवा प्लेटमध्ये राहिला. आता मराठी माणूस शेवटचा तुकडा उचलेल का? "घ्या ना काका." "छे छे, रेणूला दे." "नाही हो काकू, माझं पोट फुल झालं." एका गोळ्यात! पोटं सगळ्यांची भुकेने कुरकुरत होती.

"स्पेनमध्येही सेम असतं," आरोही खूश होऊन म्हणाली. "शेवटचा पीस कुणी घेत नाही. त्याला ते लाजेचा तुकडा म्हणतात."

"प्रल्हाद असता तर लाजला नसता," रवींद्रकाका म्हणाले आणि सगळे एकदम गंभीर झाले. दीपाकाकूंनी सुचवलं की आजचा दिवस आहे, त्यांच्यासाठी मिनिटभर डोळे मिटून शांत बसू या. सगळे बसले. पंपाने सुस्कारा टाकला. दिवे गेले. काही वेळाने जयने हात हलवले, दिवे आले, आणि प्लेट रिकामी होती.

"कोणी घेतला?" आरोहीने हसत विचारलं.

सातही जणांनी मान हलवली.

दुसरी प्लेट लसणीतल्या मश्रूमांची. सात संपले, आठवा राहिला. आता सगळे गप्पा मारायचं सोडून त्या आठव्याकडे बघत बसले. बघत बसले म्हणजे हलेनात, आणि हलेनात म्हणजे दिवे गेले. अंधारात काहीतरी हलकंसं किणकिणलं. रेणूने किंचाळत दोन्ही हात वर केले. दिवे आले. मश्रूम नव्हता.

"जय, हे काय आहे यार?" रेणू कुजबुजली. "आपण इथे राहायचंय."

रवींद्रकाकांनी घसा खाकरला. "वहिनी, बोलू नये, पण बोलतो. प्रल्हादच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता."

"म्हणजे?" आरोहीने विचारलं.

"पिंड ठेवला होता तळ्याकाठी. दोन तास थांबलो. मिशिगनमध्ये कावळे काय कमी आहेत? पण एक येईना. शेवटी एक रानबदक आलं आणि चोच मारून गेलं. गुरुजींना दुसरीकडे वास्तुशांत होती, ते म्हणाले, चालेल. मला तेव्हाच पटलं नव्हतं. माणसाची काहीतरी इच्छा राहिली असणार."

बेसमेंट गारठल्यासारखं झालं. मिहीरचा चेहरा उतरला. करार टेबलाच्या कडेला पेनासकट पडून होता आणि आता त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. शोभनाताई मात्र त्याच्याचकडे बघत होत्या.

आता हे घास कोण खात होतं, ते सांगून टाकलेलं बरं. शोभनाताई खात होत्या. त्यात भुताखेताचा काही संबंध नव्हता. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचा हात तो! पातेल्यात उरलेला शेवटचा चमचा, मुलाने टाकलेली पोळीची कड, सगळं 'वाया कशाला' म्हणून तोंडात टाकायचं आणि भांडं घासायला मोकळं करायचं, हे त्या हाताला डोक्याने सांगावं लागत नसे. त्यात अंधार, त्यात एका मश्रूमवर तरंगणारं पोट. पहिल्या वेळी कबूल करायचं राहून गेलं, आणि दुसऱ्या वेळी कबूल करणं म्हणजे पहिलंही कबूल करणं आलं.

तिसरी प्लेट आली बटाट्याच्या जाड ऑमलेटची. अंडं! शोभनाताईंनी मान फिरवली, पण वास काही फिरेना. यावेळी सहांनीच खाल्लं, तेही घाबरत घाबरत. एक वडी आरोहीने प्लेटच्या कडेला सरकवली, म्हणाली, "ही मी उद्या डब्यात घेईन." आणि मधोमध एक वडी राहिली.

"बाबांना ऑमलेट काय आवडायचं," मिहीर म्हणाला.

"मग विचारूनच टाकू," असं म्हणून रवींद्रकाका उभे राहिले, हात जोडले आणि परत बसले. "सगळ्यांनी स्थिर बसा. प्रल्हाद, बाबा रे, तू इथे असशील तर हा घास घे..." एवढं म्हणून ते डोळे मिटून मिनिटभर थांबले.

दिवे गेले. पंप गुरगुरला. शोभनाताईंनी झटकन विचार केला. घास गेला की आत्मा तृप्त, आत्मा तृप्त की मिहीर निश्चिंत, मिहीर निश्चिंत की सही! अमावास्येची माफी मागून त्यांनी ती वडी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली.

"...आणि तू घास घेतलास," अंधारात रवींद्रकाकांनी वाक्य पुरं केलं, "तर आम्ही समजू की घर विकायला तुझी परवानगी नाही."

शोभनाताईंना ठसका लागला. त्या धडपडीत दिवे आले. मधली जागा रिकामी होती.

"शोभनाला बघा, धक्का बसलाय! पाणी द्या!" दीपाकाकू ओरडल्या.

पुढचं सगळं फार भराभर झालं. रेणू उठून उभीच राहिली. जय म्हणाला, "काकू, सॉरी, पण आम्ही जरा थांबतो. म्हणजे, कॅन्सल नाही, पण... कॅन्सलच." मिहीर डोळे पुसत म्हणाला, "नकोच. बाबांना नकोय. आई, तू इथेच राहा. बर्फासाठी मी माणूस लावतो."

इथेच! शोभनाताईंच्या डोळ्यांपुढे पुढचे वीस हिवाळे एका रांगेत उभे राहिले. लाज गेली खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी घोट घेतला आणि जाहीर केलं, "अरे, मी खाल्लं. तिन्ही वेळा मीच खाल्लं."

मिहीरने येऊन त्यांना जवळ घेतलं. "आई, आम्हाला भीती वाटू नये म्हणून तू असं म्हणतेयस ना?"

"अरे मेल्या, खरंच मी खाल्लं!"

"अमावास्येला अंडं? तू?" दीपाकाकूंनी मान हलवली. "शोभना, मी तुला तीस वर्षं ओळखते."

माणसाने चांगलं नाव कमावू नये, ते असं नको तेव्हा आडवं येतं. शोभनाताई चिडल्या. एकदा चिडल्या की त्यांचं डोकं चांगलं चालायचं. त्या तरातरा वर गेल्या आणि शेवटची प्लेट घेऊन आल्या. कुरकुरीत भाजलेल्या पावावर लसूण आणि टोमॅटो चोळलेला. त्यांनी स्वतः सगळ्यांना एकेक वाढला, दटावून खायला लावला, आणि आठवा तुकडा प्लेटमध्ये ठेवून प्लेट आपल्यासमोर ओढली.

"आता मी विचारते. माझा नवरा आहे. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरा."

टेबलाच्या या टोकाला शोभनाताई, त्या टोकाला रवींद्रकाका, मध्ये साखळी. शोभनाताईंचा उजवा हात दीपाकाकूंनी घट्ट धरला. डावा मोकळा राहील, हे त्यांनी बघूनच घेतलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. सुरुवात नाटकच होतं, पण हाक मारली आणि आवाज खराच कापला. "घर तुम्ही हौसेनं घेतलंत, मला माहितीये. पण तुम्ही गेलात आणि मी इथे एकटी राहिले. रात्रभर हा तुमचा पंप ऐकते. दिवे तुमचे, एका जागी बसून रडायला लागले की मिनिटभरात अंधार. मला नाही राहायचं हो इथे. मला माणसांत जायचंय. जाऊ देत असाल तर घ्या हा घास. आणि नसाल देत, तर राहू दे तसाच."

कुणी हललं नाही. दिवे गेले.

शोभनाताईंनी मनात पाच अंक मोजले आणि डावा हात हळूच पुढे केला. बोटं प्लेटवर टेकली. प्लेट गार होती. ओलसर होती. आणि रिकामी होती. त्यांनी कडेपर्यंत चाचपून बघितलं. तेवढ्यात त्यांच्या डाव्या कानाशी, जिकडे नुसती भिंत होती, कुणीतरी कुरकुरीत पाव सावकाश चावल्याचा आवाज आला.

"दिवे!" त्या ओरडल्या.

रवींद्रकाकांनी हात वर केला. दिवे आले. सहाही जण हातात हात घालून डोळे मिटून बसले होते आणि एकाचंही तोंड हलत नव्हतं.

"शिवला!" रवींद्रकाकांना रडू कोसळलं. "वहिनी, परवानगी मिळाली!" मिहीरने पेन उचललं आणि सही ठोकली. जय आणि रेणूने एकमेकांकडे बघितलं. "म्हणजे आता ते... इथून गेले ना, काका?" रेणूने विचारलं. "गेले, गेले. मोकळे झाले," रवींद्रकाका म्हणाले, आणि त्या दोघांनीही सह्या केल्या. शोभनाताईंची सही जरा वाकडी आली.

त्या एकट्याच वर आल्या. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या घरात एकटं वाटत नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. मग त्यांनी मंजुषाला फोन लावला.

"झाल्या गं सह्या."

"अरे वा! मग आवाज असा का? रडतेयस की काय?"

"नाही गं. तुला एक विचारायचं होतं. त्या फ्लॅटचं."

"अगं, मस्त फ्लॅट आहे. ऊन येतं, हवा येते, एका माणसाला भरपूर झाला."

"ते झालंच," शोभनाताई म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज खाली आणला. "पण दोघांना पुरेल ना?"