चिनी ऑफिसातल्या उषाकाकू

उषाकाकूंच्या टीव्हीवर मीटिंग चालू असेल तर त्यांच्या घरात कुणी बोलायचं नाही. तुम्ही बेल वाजवलीत तर त्या दार उघडतात, पण ओठांवर बोट ठेवून. मग हातानेच तुम्हाला सोफ्याकडे वळवतात आणि कानाशी येऊन कुजबुजतात, "मीटिंग चालू आहे."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती माझं पार्सल आणायला. मी घरी नव्हते म्हणून कुरियरवाला ते शेजारी देऊन गेला होता. "मीटिंग चालू आहे" ऐकून मला वाटलं, काकांचं काहीतरी ऑनलाइन चाललं असेल. पण काका म्हणजे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेले भूल देणारे डॉक्टर. ते कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत बसले होते. मीटिंग टीव्हीवर होती. लांबलचक टेबलाभोवती सुटाबुटातली चिनी माणसं बसलेली, प्रत्येकासमोर झाकणाचा कप, खाली इंग्रजी सबटायटल्स. मी हळूच विचारलं, "कोण आहेत हे?"

"आमचं सेल्स डिपार्टमेंट," काकू म्हणाल्या.

मी पुण्याची. साउथहॅम्प्टनमधल्या एका शिपिंग कंपनीत नोकरीला आले आणि या गल्लीत भाड्याने घर घेतलं. इथे शेजारी मराठी निघणं हीच मोठी गोष्ट होती. ते मराठी शेजारी शनिवारची दुपार चीनमध्ये काढतात, हे मला पार्सलबरोबर मिळालं.

ही मालिका बंदरावरच्या क्रेन बनवणाऱ्या एका कंपनीची आहे. कंटेनर उचलणाऱ्या त्या उंच क्रेन माझ्या ऑफिसच्या खिडकीतून रोज दिसतात. मी त्यांच्याकडे कधी धड बघितलंही नव्हतं. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "तुमच्या क्रेनचा पुढचा दांडा उचलून वर घ्यायला किती वेळ लागतो गं, अनघा?" मला माहीत नव्हतं. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी रोज ऑफिसला जाते तरी कशाला!

चिनी नावं काकूंच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे त्यांनी सगळ्या कंपनीचं बारसं केलं आहे. मोठे साहेब म्हणजे जोशीसाहेब. सारखी त्यांची खुशामत करणारा तो लोणी. नवी लागलेली इंजिनियर मुलगी छोटी. "आज लोण्याने छोटीचा रिपोर्ट दाबून ठेवला," असं काकू मला फोन करून सांगतात, आणि मी भर ऑफिसात "अरे देवा!" म्हणते. मागच्या टेबलावरचे इंग्रज लोक एकदम काळजीने बघतात आणि "यू ऑल राइट?" म्हणतात.

हीच मालिका का, असं मी एकदा विचारलं. काकू वाटच बघत होत्या.

"आपल्या मालिकांमध्ये सगळे उद्योगपती असतात. केबिन असते, काच असते, हातात फाइल असते. त्या फाइलीत काय आहे ते कुणी कधी दाखवलंय? ती फक्त टेबलावर आपटायला. कंपनी साबण करते की स्क्रू, ते शेवटच्या भागापर्यंत कळत नाही. इथे फाइल उघडतात गं! उघडतात, वाचतात, चूक काढतात, परत पाठवतात. चार भाग झाले, एक टेंडर भरतायत. मला तर जेवण सुचत नाही."

छोटीचं तिथल्याच एका तपासनीसावर प्रेम बसलं आहे. पावसात एका छत्रीत वगैरे सगळं रीतसर होतं. तो भाग आला की काकू आमटीला फोडणी द्यायला उठतात. "प्रेम काय, कुठेही होतं," त्या स्वयंपाकघरातून ओरडतात. "टेंडर भरायला अक्कल लागते!" काका मात्र तेवढ्यापुरतं शब्दकोडं खाली ठेवतात. आणि काकू मीटिंगला परत आल्या की निमूटपणे पुन्हा उचलतात.

आणखी एक खोड होती. मालिकेत क्रेनचं ड्रॉइंग दिसलं की काकू टीव्ही थांबवायच्या, चष्मा बदलायच्या आणि पडद्याला नाक टेकवून उभ्या राहायच्या. "मापं बरोबर लिहिलीत," असं म्हणून त्या समाधानाने परत येऊन बसायच्या. मी मनात म्हणायचे, बाई भलतीच हौशी आहे.

खरं सांगते, पहिल्या दोन शनिवारी मी गंमत बघायला गेले. तिसऱ्या शनिवारी अडकले. छोटीने टेंडरमध्ये वजन चुकीचं लिहिलं होतं आणि ते ग्राहकासमोर उघडं पडलं. लोणी तोंड उघडणार, एवढ्यात जोशीसाहेब म्हणाले, "ती चूक माझ्या नजरेतून सुटली." बस. संध्याकाळी त्यांनी छोटीला बोलावलं. मला वाटलं, आता झाडणार. त्यांनी तिच्यासमोर कागद ठेवले, शेजारची खुर्ची ओढली, स्वतःचा डबा उघडला आणि ती सगळं दुरुस्त करेपर्यंत शेजारी बसून जेवले.

"एक शब्द बोलला? नाही बोलला," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "नुसता जेवला. याला म्हणतात साहेब." माझेही डोळे भरून आले होते. मी ते सबटायटल्सवर ढकललं.

त्यानंतर मी माझं ऑफिस काकूंसमोर मांडायला लागले. आमच्याकडे एक डॅरन होता. मी केलेलं काम तो मीटिंगमध्ये स्वतःच्या नावाने मांडायचा. काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "तो चहा करतो का?" इंग्लंडच्या ऑफिसात चहा करायला उठणाऱ्याने बाकीच्यांना विचारायची पद्धत असते. मी म्हटलं, "फक्त मॅनेजरचा कप उचलतो."

"मग हा लोणी आहे. सगळ्यांसमोर भांडू नकोस. मीटिंगच्या आदल्या दिवशी तू स्वतः मॅनेजरकडे जा, काम दाखव, आणि म्हण, तुमचं मत हवंय. उद्या लोण्याने तेच मांडलं तर मॅनेजरला आधीच माहीत असेल ते कुणाचं."

मी तसं केलं. डॅरन बोलायला उभा राहिला आणि मॅनेजर म्हणाला, "हो, अनघाने काल दाखवलं मला." त्या दिवशी मी काकूंसाठी पेढे घेऊन गेले. बातमी आमच्या मराठी ग्रुपवर पसरली आणि काकूंच्या सोफ्यावर गर्दी व्हायला लागली. कुणाचं प्रोबेशन, कुणाचं अप्रेझल, कुणाचा मॅनेजर प्रत्येक ईमेल साऱ्या जगाला कॉपी करतो. काकू सगळ्यांचं ऐकायच्या आणि नेमकं सांगायच्या. मी धरूनच चालले होते, की बाई कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून निवृत्त झाल्या असणार.

एका शनिवारी मी विचारलं, "काकू, तुम्ही कुठे होतात नोकरीला?"

"मी? कुठेच नाही."

कोपऱ्यात काकांचं पेन थांबलं.

काकूंनी पुण्यात पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला होता, यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीही ठरली होती. तेवढ्यात लग्न ठरलं आणि इंग्लंडला यायचं झालं. तेव्हा शिकाऊ डॉक्टरला दर सहा महिन्यांनी नवं हॉस्पिटल, नवं गाव. एका गावात लायब्ररीचं कार्ड मिळेपर्यंत दुसऱ्या गावाचं सामान बांधायचं. मग मुलगी झाली, मग काकांच्या रात्रीच्या ड्युट्या. "पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत राहिले," काकू म्हणाल्या. "तक्रार नाही हं. संसार छान झाला. पण मला ऑफिसला जायचं होतं." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी अर्ज केलाय."

आमच्या भागातल्या जी.पी.च्या दवाखान्यात रिसेप्शनवर जागा होती. आठवड्यातून तीन दिवस, फक्त सकाळी. डॉक्टरची वेळ देणं जी.पी.च्या रिसेप्शनिस्टच्या हातात असतं, म्हणून तिला अख्खं इंग्लंड टरकून असतं, त्यामुळे मला आधी हसू आलं. काकू हसल्या नाहीत. "मला ही नोकरी हवीय, अनघा. पैशासाठी नाही, वेळ जात नाही म्हणूनही नाही. एकदा तरी. साठी उलटली, आता नाही झालं तर परत नाही."

लंडनहून त्यांच्या मुलीचा फोन आला. नेहा इथेच जन्मली, इथेच वाढली. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला. "आई, बाबाची पेन्शन आहे ना? व्हाय आर यू डूइंग दिस? तुझी वय झाली आता. तो नोकरी खूप स्ट्रेसफुल असते, लोक किती रूड बोलते तिकडे!"

"बोलू देत," काकू म्हणाल्या. "मला कुणी रूड बोललंच नाहीये इतक्या वर्षांत. सगळे मेले गोड."

इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि आम्ही स्वयंपाकघरात तालीम सुरू केली. काकू नेहाचा जुना ब्लेझर घालून टेबलापलीकडे बसल्या. मी चेहरा कडक करून इंग्रजीत विचारलं, "सहकाऱ्याशी तुमचा मतभेद झाला असेल असा एखादा प्रसंग सांगा."

काकूंनी क्षणाचाही विचार केला नाही. "आमच्या कंपनीत एका माणसाने रिपोर्ट दाबून ठेवला होता. क्रेन जाणार होती जहाजावर—"

मी पोट धरधरून हसले. "काकू, हे लोण्याचं झालं. तुमचं सांगा."

"माझं?" त्यांनी टेबलावरचा नॅपकिन उचलला, नीट घडी केली, परत उलगडला. "माझ्याकडे नाहीये गं काही."

मी घाईघाईने म्हटलं, घर चालवलंत, गावं बदललीत, पाहुणे सांभाळलेत, हे सगळं अनुभव म्हणूनच सांगायचं असतं, हल्ली सगळे तसंच सांगतात.

"नाही," काकू म्हणाल्या. एवढ्या ठाम त्या लोण्याच्या बाबतीतही कधी नव्हत्या. "घर ते घर. ते मी मनापासून केलं, त्याचं सर्टिफिकेट करून कुणापुढे धरणार नाही. मला तिथे कुणाची बायको म्हणून जायचं नाहीये."

मग सांगणार काय, हा प्रश्न तसाच राहिला आणि तालीम तिथेच संपली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्यांना गाडीने सोडलं आणि बाहेर थांबले. माझी स्वतःची नखं मी कुरतडून संपवली. काकू बाहेर आल्या, गाडीत बसल्या, सीटबेल्ट लावला आणि समोर बघत राहिल्या.

"काय विचारलं?"

"टीममध्ये काम केल्याचा अनुभव."

"मग?"

"खरं ते सांगितलं. आय हॅव नेव्हर वर्क्ड इन अ टीम. आय हॅव वॉच्ड अ व्हेरी गुड वन."

मी डोळे मिटून घेतले.

"इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काय शिकलात बघून? मग सांगितलं. चूक झाली की चारचौघांत कुणाचं नाव घ्यायचं नाही. कागद पुरता वाचल्याशिवाय पुढे द्यायचा नाही. आणि ज्याचा दिवस वाईट गेलाय त्याला एकट्याला जेवू द्यायचं नाही." काकूंनी पर्स घट्ट धरली. "हसल्या त्या. कसल्या हसल्या, ते कळलं नाही. गेली नोकरी बहुतेक."

पुढे कित्येक दिवस दवाखान्याकडून काही कळलं नाही. मधल्या शनिवारी काकूंनी टीव्ही लावलाच नाही. म्हणाल्या, "नको, बघवत नाही आज." काकांनी मला दारापर्यंत सोडताना विचारलं, "हो म्हणतील का गं ते?" काका आपणहून काही विचारतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि ते हो म्हणाले.

पहिल्या आठवड्यानंतरच्या शनिवारी मी धावतच गेले. डॉक्टर कसे आहेत, लोणी कोण आहे, सगळं ऐकायचं होतं. काकू सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. "आमच्या ऑफिसातलं बाहेर सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "कॉन्फिडेन्शियल असतं."

"मलासुद्धा सांगत नाही," काका म्हणाले.

मी चहाच्या निमित्ताने काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्या पाठमोऱ्या आलं किसत होत्या. किसता किसताच म्हणाल्या, "एक सांगू का? पहिल्या दिवशी काम संपलं. मी कोट घालत होते. शेजारच्या टेबलावर ट्रेसी म्हणून मुलगी आहे, ती कंप्युटर बंद करत होती. मान वर न करता म्हणाली, सी यू थर्सडे, उषा."

मी पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही नव्हतं.

"ती सगळ्यांनाच म्हणत असेल, काकू."

"हो गं, म्हणतच असेल. तेच तर." त्या किसत राहिल्या. "इतकी गावं झाली, इतकी माणसं. चांगली होती सगळी. बाय म्हणायची, टेक केअर म्हणायची, निघताना कार्डं द्यायची. पण अमक्या दिवशी तू येणारच आहेस, असं मला कुणी गृहीत धरलं नव्हतं. बाहेर स्टॉपवर आले तर माझी बस समोरून निघून गेली. मी हातच केला नाही."

"का?"

"रडत होते. अशी कशी चढणार बसमध्ये?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कौतुक, हेवा, माया, सगळं एकदम दाटून आलं होतं. मी एवढंच विचारलं, "आणि गुरुवारी?"

"गुरुवारी इतकी लवकर पोचले, की कुलूप उघडायलासुद्धा कुणी आलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "दारात उभी राहिले थंडीत. ट्रेसी आली, म्हणाली, मॉर्निंग, उषा. मी म्हटलं, मॉर्निंग. आणि गेलो आम्ही आत."