संशोधन कक्षातल्या सोनकांबळे मॅडम

सोनकांबळे मॅडमना आमच्या मेडिकल कॉलेजात कुणी आजारी पडलेलं पाहिलेलं नाही, पण ओपीडीचे सर्वांत जास्त केसपेपर त्यांच्याच नावावर निघाले असतील. डॉक्टर मंडळी त्यांचा फोन उचलत नाहीत. वॉर्डात निरोप धाडला तर 'सर राउंडवर आहेत' असं उत्तर येतं. आणि त्या समोरून येताना दिसल्या की मागच्या दारानं निघून जायची कला आमच्यातल्या प्रत्येकाला येते. त्यावर मॅडमनी साधा उपाय काढला होता. सकाळी खिडकीवर रांगेत उभं राहून स्वतःच्या नावाचा केसपेपर काढायचा आणि ज्या डॉक्टरला गाठायचंय त्याच्या ओपीडीत, पेशंटांच्या बाकावर जाऊन बसायचं.

नंबर आला की त्या स्टुलावर बसत. डॉक्टर मान खाली घालूनच विचारणार, "काय होतंय?"

"मला काही होत न्हाई सर. तुमचाच अर्ज राहून राहिला. शुक्रवारी बंद होतंय."

एकदा कान-नाक-घशाच्या नव्या डॉक्टरांनी त्या बोलायच्या आत त्यांच्या कानात बॅटरी लावून पाहिली. मॅडमनी शांतपणे दोन्ही कान तपासून घेतले. मग म्हणाल्या, "मला नीट ऐकू येतं सर. मी तीन मेल पाठवले, ते तुम्हाला ऐकू आले न्हाईत."

मॅडम मूळच्या उदगीरच्या. आमच्या नांदेडच्या कॉलेजात लायब्ररीशेजारी संशोधन कक्ष नावाची एक खोली आहे, तिथं त्या वरिष्ठ लिपिक. कुठली संस्था संशोधनाला पैसे देणार आहे, कुठं परिषद आहे, कुणाचं व्याख्यान आहे, याची परिपत्रकं त्यांच्याकडं येतात आणि ती सगळ्यांना कळवायची असतात. मॅडमच्या आधीचे बाबू ही परिपत्रकं पुढं ढकलून मोकळे होत. मॅडम ती वाचत. एवढाच फरक, पण त्यानं सगळं कॉलेज हैराण झालं.

खोलीबाहेर एक मोठा फळा होता. डाव्या बाजूला 'येणारे कार्यक्रम', उजव्या बाजूला 'निधीच्या संधी'. सगळं मराठीत. अधिष्ठाता सरांनी एकदा इंग्रजीत लिहायला सुचवलं, तर म्हणाल्या, "इंग्रजीत लिहिलं की लोकांना वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी हाय."

त्यांची भाषांतरं वाचायला विद्यार्थी मुद्दाम वाट वाकडी करून येत. 'तरुण संशोधकांसाठी. वय चाळीसच्या आत. आरशात बघून या.' 'परदेशात पेपर वाचायला जायचं विमानभाडं. पेपर आधी लिहिलेला पाहिजे.' 'महिलांसाठी. लेकरामुळं मधे काम सुटलेलं असलं तरी चालतं. तशाच पाहिजेत.' आणि डाव्या बाजूला: 'संख्याशास्त्राची कार्यशाळा. जेवण आहे, पुरी-भाजी. कुपन दुसऱ्या व्याख्यानानंतर मिळेल.'

वयाची अट जवळजवळ प्रत्येक योजनेत असते, म्हणून मॅडमना सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ. स्त्रीरोग विभागाच्या एका डॉक्टर मॅडमना त्यांनी भर कॉरिडॉरमध्ये, विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर सांगितलं, "मॅडम, तुम्हाला पंचेचाळीस लागायला दोनच महिने हायेत. घाई करा." त्या मॅडम वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. अर्ज मात्र मुदतीत केला.

आता माझं सांगतो. मी लातूरचा. लातूरची पोरं परीक्षेत पुढं असतात असं म्हणतात. मीही होतो. मग परीक्षा संपल्या आणि माझं पुढं असणंही संपलं. गेली दहा वर्षं मी जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे लोकांच्या आरोग्याच्या विभागात शिकवतो. आठवड्यातून एकदा हदगावकडच्या आमच्या ग्रामीण केंद्रावर जायचं आणि आल्यावर दोन दिवस कुरकुर करायची, हे माझं संशोधन. कुरकुरीचा विषय ठरलेला. साप चावलेला माणूस दवाखान्यात इतक्या उशिरा का येतो. सोयाबीनच्या दिवसांत हे सारखं घडायचं, आणि मी कँटीनमध्ये भेटेल त्याला ऐकवायचो.

एक दिवस मॅडम माझ्या ओपीडीत आल्या. केसपेपर होताच.

"सर, तुम्ही कँटीनला एकच गोष्ट सारखी बोलता."

"मग?"

"ते जे बडबडता ना, तेच इंग्रजीत लिहा. दिल्लीची एक संस्था असल्याच कामाला पैसे देऊन राहिली."

मी म्हणालो, पाहू. 'पाहू' म्हटलं की आमच्याकडं माणसं समजून जातात. मॅडम समजल्या नाहीत. पुढचे तीन आठवडे त्या रोज ओपीडीत आल्या. आमच्या नर्स त्यांना 'जुन्या पेशंट' म्हणायला लागल्या. शेवटी मी लिहिलं, ते फक्त बाकावर जागा व्हावी म्हणून.

अर्ज शुक्रवारी पाचला बंद होणार होता. गुरुवारी संध्याकाळी ध्यानात आलं की त्यावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का लागतो, आणि आमचे बिराजदार सर भाचीच्या लग्नाला उदगीरला गेलेत. मी मनातून सुटलो. मॅडमना फोन केला, आवाजात शक्य तेवढं दुःख आणून म्हणालो, "राहिलंच म्हणायचं."

"हाव. सकाळी सातला गाडी काढा."

शुक्रवारी गाडीत बसल्यावर त्यांनी जेवणाच्या पिशवीतून आमच्या विभागाचा शिक्का आणि शाईचं पॅड काढून दाखवलं. मी विचारलं, हे कसं आणलं? "ते विचारू नका. सोमवारी जागेवर असंल." वाटेत एका दुकानातून त्यांनी स्टीलचा डबा घेतला, आहेराला.

मंगल कार्यालयात पोचलो तर अक्षता पडायच्या होत्या. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. वराकडचे मिरवणुकीत नाचत होते. बिराजदार सर फेटा बांधून मुलीच्या मागं मामा म्हणून उभे. त्यांनी आम्हाला लांबून पाहिलं आणि तोंड फिरवलं. सव्वातीनला अक्षता पडल्या, आणि आहेराची रांग लागली. मॅडम रांगेत उभ्या राहिल्या, मागं मी, हातात अर्ज.

स्टेजवर मॅडमनी नवरीच्या हातात डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि सरांकडं वळल्या. "सर, इथं एक सही. तिथं एक."

"अहो, इथं?" सर म्हणाले.

"अक्षता साडेबाराच्या होत्या. उशीर लग्नाला झाला, आम्हाला न्हाई."

सरांनी नवरदेवाच्या खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मॅडमनी पॅड उघडलं आणि दणकन शिक्का मारला. फोटोग्राफरला वाटलं हा काही विधी आहे. तो म्हणाला, सगळे इकडं बघा, आणि आम्ही पाचही जणांनी बघितलं. तो फोटो त्यांच्या अल्बममध्ये आहे. शिक्का धरलेली ती बाई कोण, असं मुलाकडचे अजून विचारतात.

जेवणाच्या पंगतीत बसून मोबाईलवर फोटो काढून आम्ही अर्ज चढवला. पाचला आठ मिनिटं कमी होती. मॅडमनी पदरानं कपाळ पुसलं, पत्रावळ पुढं ओढली आणि म्हणाल्या, "आता जेवू सर. आहेर दिलाय."

चार-पाच महिने गेले. त्या दिवसांत एक विचित्र गोष्ट झाली. मी त्या अर्जाची वाट पाहायला लागलो. कँटीनमध्ये कुरकुर कमी झाली. 'माझा एक प्रोजेक्ट दिल्लीला गेलाय' असं मी सासुरवाडीला दोनदा सांगितलं.

मग एका दुपारी मॅडम माझ्या खोलीत आल्या. हातात केसपेपर नव्हता, चहाचे दोन कप होते. एक माझ्यासमोर ठेवला, बसल्या आणि आधी अर्धा चहा संपवला.

"झालं न्हाई सर."

मी हसायला गेलो, पण ते जमलं नाही. इतकं लागेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणालो, "मॅडम, आता मला पुन्हा काही सांगू नका. हे आपलं काम नव्हे."

"बरं. पण तज्ज्ञांनी अभिप्राय पाठवलाय, तो ऐकून घ्या. इंग्रजीत लई कडक वाटतं, म्हणून मी मराठी करून आणलं." त्यांनी घडी घातलेला कागद उघडला आणि चष्मा लावून वाचायला लागल्या.

"एक. प्रश्न खरा आहे आणि कुणीतरी विचारायलाच पाहिजे. दोन. संशोधक दवाखान्यात पोचलेल्या माणसांनाच विचारणार आहे. जे पोचलेच नाहीत, त्यांच्या घरी कोण जाणार? तीन. गावात लोक आधी ज्याच्याकडं जातात, त्या माणसाला संशोधकानं दोषी धरलं आहे. त्याला सोबत घेतलं तर तोच पेशंट पाठवील. चार. संशोधकानं पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करावा."

दुसऱ्या मुद्द्याला मी ताठ बसलो. तिसऱ्याला कप खाली ठेवला. दहा वर्षं मी हदगावला जात होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हणालो, "हा माणूस खेडी पाहिलेला दिसतो."

"असंल कुणीतरी," मॅडम म्हणाल्या आणि कप उचलून गेल्या.

त्या तज्ज्ञानं मला झपाटलं. मी त्याला मनात एक चेहराही दिला. पांढरी दाढी, दक्षिणेतला कुठलातरी म्हातारा प्राध्यापक, पायात साध्या चपला. वर्षभर मी ग्रामीण केंद्राच्या दिवशी गावात उतरून घरोघर गेलो. जी माणसं आमच्यापर्यंत पोचली नव्हती त्यांच्या बायकांशी, भावांशी बोललो. एका गावच्या मांत्रिकासोबत ज्वारीची भाकरी खाल्ली. तो म्हणाला, मला कुणी दवाखान्याचा फोन नंबर कधी दिलाच न्हाई. मी सगळं पुन्हा लिहिलं, आणि लिहिताना दर पानावर त्या म्हाताऱ्याला काय वाटेल याचा विचार केला.

दुसऱ्या वर्षी प्रस्ताव मंजूर झाला. मॅडमनी फळ्यावर माझं नाव लिहिलं आणि पुढं 'मंजूर'. तीन दिवस त्या फळ्याजवळ कुणाला डस्टर नेऊ देत नव्हत्या.

मंजुरीनंतर कागदांची यादी आली. त्यात एक होतं, आधी अर्ज केला असल्यास त्याच्या निकालाचं पत्र. मॅडम दिराच्या वास्तुशांतीला देगलूरला गेल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या जाधवांनी कपाट उघडून माझी फाईल काढून दिली.

पत्र वरच होतं. दोन ओळींचं. आपला प्रस्ताव निवडला गेला नाही. अर्जांच्या संख्येमुळे अभिप्राय कळवणे शक्य नाही.

मी ते दोनदा वाचलं. त्याच्या मागं माझा जुना प्रस्ताव होता, समासात पेन्सिलच्या खुणा केलेला. आणि त्याच्या मागं एका जुन्या परिपत्रकाची पाठकोरी बाजू, मॅडमच्या अक्षरात. सगळी खाडाखोड. 'संशोधकानं आळस केला आहे' हे खोडून 'संशोधकाला वेळ कमी मिळालेला दिसतो' केलेलं, मग तेही खोडलेलं. 'भाषा बोजड, कुणाला कळणार' खोडलेलं. शेवटी 'पुढच्या वर्षी अर्ज करावा', आणि त्यात 'अवश्य' हा शब्द मागाहून, वर घुसवलेला.

"मॅडम नामंजूर झालेल्यांच्या फायली घरी नेतात," जाधव म्हणाले. "रविवारभर वाचत बसतात. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून जास्तच. मी म्हणलं, कशाला डोळे फोडता. तर म्हणाल्या, एवढं लिहिलंय, कुणीतरी पूर्ण वाचायला नको का."

मी आणखी दोन-तीन फायली चाळल्या. चाळायला नको होत्या. प्रत्येकीत शेवटी एक पाठकोरा कागद होता. शल्यचिकित्सेचे एक सर अजून चारचौघांत सांगतात की दिल्लीच्या तज्ज्ञांनी आपल्या प्रस्तावाला धाडसी म्हटलं होतं. त्यांच्या कागदावर 'अतिशहाणा' खोडून 'धाडसी' केलेलं होतं.

मॅडम सोमवारी आल्या. मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या पेढ्याचा पुडा उघडत होत्या. एक मला दिला.

"पत्र सापडलं का सर?"

"सापडलं. जोडलं."

"वाचलं?"

"इंग्रजी होतं," मी म्हणालो. "तुमचं मराठी ऐकलेलं होतं, म्हणून पुन्हा नाही वाचलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी पेढा खात राहिलो.

"बरं केलं. त्यात काही नव्हतं," त्या म्हणाल्या. मग टेबलावरची एक फाईल काखेत घेतली. "बालरोगच्या नव्या मॅडमचं झालं न्हाई. आज सांगायचं हाय. तुम्ही येता का सोबत?"

आम्ही जिना चढायला लागलो. पहिल्या वळणावर त्या थांबल्या, फाईलमधला घडीचा कागद उघडला आणि दम खात एकदा वाचला.

"सर," त्या म्हणाल्या, "'अपुरा' ला जरा मऊ शब्द काय हाय?"

दुसरा मजला येईपर्यंत आम्ही दोघं तो शब्द शोधत होतो.