कालियाच्या फण्यावरचे मोती

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं अप्पांनी मला बजावलं आहे. मी तशीही कुणाला काही सांगत नाही, मग मलाच का बजावलं ते कळत नाही. पण लिहायचं नाही असं ते म्हणालेले नाहीत. (आमच्या रस्त्यावर मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही, तेवढाच धीर.)

सुरुवात झाली ती अलमेलू मामींच्या आगगाडीपासून. इथे मद्रासमध्ये नवरात्रात घरोघर पायऱ्या लावून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. गेल्या वर्षी शेजारच्या अलमेलू मामींनी गोलूभोवती विजेची आगगाडी फिरवली, आणि अर्ध्या अड्यारमधल्या बायका आमच्याकडे फक्त चण्याचं सुंडल खायला आल्या. माझे अप्पा रागावत नाहीत, मनात ठेवतात. या वर्षी त्यांनी काचेची टाकी आणली आणि गोलूच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवली. टाकीत पट्ट्यांचे, मिशांचे, लाल शेपटीचे, सगळ्या जातींचे मासे एकत्र, आणि मधोमध चिनी मातीचा कालियामर्दन: फणा पसरलेला कालिया आणि वर नाचणारा कृष्ण. अंबुजा आत्याने (अप्पांची मोठी बहीण, घरातले नियम तिच्याकडे असतात) टाकीला आरतीसुद्धा ओवाळली.

मला ती टाकी फार आवडली. गोलू बघायला आलेली प्रत्येक मामी (इथे ओळखीच्या सगळ्याच बायका मामी) मला म्हणते, एक गाणं म्हण. माशांना असं कुणी म्हणत नाही.

एके सकाळी बघते तर कालियाच्या फण्यावर साबुदाण्यासारखे दाणे ओळीने चिकटलेले. दोन पट्टेवाले एंजल मासे त्यांवर पंखांनी वारा घालत होते. मी अप्पांना बोलावलं. ते खूप वेळ वाकून बघत राहिले.

"आईला बोलाव," ते हळूच म्हणाले. "आत्याला नको."

आमचं घर माध्व. आमच्याकडे कांदासुद्धा मागच्या दाराने येतो, आणि नवरात्रात तोही येत नाही.

"हे म्हणजे ते का?" आईने विचारलं.

"तेच."

"कृष्णाच्या पायाशी?"

"मी घातली का ती?" अप्पा म्हणाले.

मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं की बाकीचे मासे ती खाऊन टाकतील. ज्याला चिकटली आहेत ते उचलून वेगळ्या पाण्यात ठेवा. पण कालिया म्हणजे गोलूतली बाहुली, आणि मांडलेला गोलू विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत. अप्पा आत्याजवळ जाऊन बसले.

"अक्का, गोलूतलं काही हलवायचंच झालं तर?"

"विजयादशमीला हलव."

"आणि मासे?"

आत्याने विचार केला. "ते आपले आपणच हलतात दिवसभर. त्यांना कोण काय म्हणणार."

त्या दुपारी एंजलची जोडी सोडून बाकीचे सगळे मासे न्हाणीघरातल्या बादलीत गेले. (आत्याला अप्पांनी सांगितलं की त्यांना गर्दी सोसत नाही.) अंडी हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही असं ठरलं. अप्पा रोज ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी टाकीपाशी जायचे. माझ्या परीक्षेच्या निकालालाही ते चपला काढूनच बसले होते.

संध्याकाळी अलमेलू मामी आल्या. "अय्यो, कालियाला मोती लावलेत? कुणी केलं एवढं बारीक काम?"

आईने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पंख्याकडे बघितलं.

"यांनीच," आई म्हणाली.

"पाण्यात टिकतात? कशाने चिकटवले, राव?"

"चिकटतात," अप्पा म्हणाले. "आपोआप." (अप्पा खोटं बोलत नाहीत.)

मग काय, दुसऱ्या दिवसापासून आमचं सुंडल पुरेना. आगगाडी विसरून सगळ्या मामी आमच्याकडे. माझ्या शाळेतल्या सीतालक्ष्मी टीचरसुद्धा आल्या. "बघा, मासेसुद्धा सेवा करतायत," असं म्हणून त्यांनी हात जोडले. अलमेलू मामींना मुलीच्या लग्नातली ताटं तशीच सजवायची होती. त्या अप्पांकडे डिंकाचं नाव मागत राहिल्या, आणि अप्पा ऑफिसातून उशिरा येऊ लागले.

एका संध्याकाळी खोली भरलेली असताना मामी हळूच म्हणाल्या, "कालिया हलतोय."

खरंच हलत होता. प्रत्येक दाण्याला केसाएवढी शेपटी फुटली होती आणि सगळ्या एकदम वळवळत होत्या. आत्याने डोळे मिटले. मामींनी ताटातून चिमूटभर हळदकुंकू घेतलं आणि हात टाकीवर नेला.

आई स्वयंपाकघरात होती, अप्पा बाहेर व्हरांड्यात. खरं काय ते माहीत असलेली टाकीजवळ मी एकटीच होते. मामींना मी नमस्कारसुद्धा आईच्या मागे उभी राहून करते. त्यांची बोटं उघडायला लागलेली मला दिसली.

"मामी, नको," मी म्हणाले. "अदु मुट्टै."

ती अंडी आहेत, एवढंच म्हणाले मी. पण तमिळमध्ये तो शब्द फार मोठा ऐकू येतो. व्हरांड्यात कुणीतरी कॉफीचा टंबलर खाली ठेवल्याचा आवाज आला. मी आत्याकडे बघितलं नाही.

"कुणाची?" मामींनी विचारलं.

"या दोघांची. पिल्लं बाहेर येतायत."

मामी वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी चिमूट परत ताटात सोडली.

"म्हणजे इथे बाळंतीण आहे," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "आणि आपण केवढा गलका करतोय. चला, पलीकडे बसू."

सगळ्या जणी पदर सावरत, आवाज न करता उठल्या. जाताना आत्याने गोलूवरचे लुकलुकणारे दिवे बंद केले.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून टाकीपाशी गेले. फणा स्वच्छ होता. मोठ्या एंजलने शेवटचं पिल्लू तोंडात घेतलं. मला वाटलं, दुसरीकडे ठेवतोय. त्याने कुठेच ठेवलं नाही.

अप्पा माझ्या मागे येऊन उभे होते. "पहिलटकर आहेत," ते म्हणाले. "भ्यायली असतील." थोड्या वेळाने म्हणाले, "आपण बाकी सगळ्यांपासून राखलं."

त्या दिवशी ते चपला न घालताच फाटकापर्यंत गेले.

नवरात्रात असली बातमी कुणाच्या घरी द्यायची नसते, असं आत्याचं मत पडलं. पण बायका रोज विचारतात. अप्पांना विचारत नाहीत, त्यांनी डिंकाबद्दल खरं लपवलं होतं. मला विचारतात. "ही मुलगी चारचौघांत खरं बोलली," असं मामी सगळीकडे सांगतात. म्हणून रोज संध्याकाळी मीच दारात उभी राहून सांगते की पिल्लं कालियाच्या मागे झोपली आहेत. मामींनी त्यांच्यासाठी नावं शोधायला घेतली आहेत. हे आता थांबायला हवं. आज मामी आल्या की मी त्यांच्याकडे सरळ बघणार आहे आणि सांगणार आहे. वाक्यही तयार आहे: मामी, ती पिल्लं आता

आत्या हाका मारते आहे. मामी पायसम घेऊन आल्या आहेत आणि विचारतायत, बाळं उठली का.

"झोपली आहेत, मामी," मी इथूनच ओरडून सांगितलं. इतक्या खणखणीत आवाजात मी आजवर कधीच बोलले नव्हते.